पार्श्वभूमी : वाराणसी ते दिब्रुगड, ५१ दिवस बोटीवर

'एमव्ही गंगा विलास' ही पर्यटकांची बोट आसाममधल्या दिब्रुगडला जायला १३ जानेवारी २०२३ रोजी वाराणसीहून निघाली आणि चौथ्या दिवशी बिहारमध्ये छपरा शहराजवळ डोरीगंजला थांबली. ती 'अडकली' की 'नांगरली', हा वाद तेव्हापासूनचा.

स्थानिक बातम्यांचं म्हणणं, पाणी कमी होतं म्हणून बोट रुतली आणि प्रवाशांना छोट्या होड्यांतून काठावर आणावं लागलं. सरकारी खुलासा असा की एवढी मोठी बोट काठाला लावतच नाहीत. चिरांदचं नवाश्मयुगीन स्थळ पाहण्यासाठी ती ठरल्याप्रमाणे नदीत नांगर टाकून उभी होती आणि पुढे वेळेवर पाटण्याला पोहोचली. मला खुलासा पटतो. पण काठाला लागता न येणं हाही पाण्याच्या खोलीचाच प्रश्न आहे, आणि तो त्या खुलाशाने मिटत नाही.

बोट ६२ मीटर लांब, १२ मीटर रुंद, पण पाण्यात बुडते जेमतेम १.४ मीटर, म्हणजे माणसाच्या छातीइतकी. या टप्प्यात जलमार्गाला, म्हणजे नदीत बोटींसाठी राखलेल्या वाटेला, २.५ मीटर खोली देण्याचं उद्दिष्ट आहे. मात्र हे उद्दिष्ट ४५ मीटर रुंदीच्या पट्ट्यापुरती; त्याच्या बाहेर नदी आपल्या मर्जीची. याच भागात घाघरा हिमालयातला गाळ घेऊन गंगेला मिळते. दिवाळीत जिथून वाट होती तिथे संक्रांतीला वाळूचं बेट दिसू शकतं. त्यामुळे बोटीवरचा दिवस नदी ठरवते. अंधारात वाळू दिसत नाही, म्हणून रात्री बहुधा नांगर टाकायचा, धुकं विरलं की निघायचं. पाणी उथळ वाटलं की नाळेवरचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरचा, खलाशी बांबू बुडवून खोली सांगत राहतो. वर १८ सूटमधले ३६ प्रवासी चहा घेत असतात, आणि प्रवास त्या बांबूवर चाललेला असतो.

उथळ पाण्याचा हा प्रश्न जुनाच. वाफेची बोट कोलकात्याहून अलाहाबादला पहिल्यांदा गेली १८२८ मध्ये. नियमित सेवा १८३४ पासून. प्रवासी इंजिनाच्या बोटीत नसत, मागे ओढल्या जाणाऱ्या 'फ्लॅट' नावाच्या बिनइंजिनाच्या बोटीवर राहत. उन्हाळ्यात गंगेची कोलकात्याकडे जाणारी शाखा, भागीरथी, आटली की सुंदरबनातून वळसा घालावा लागे. १८६० च्या दशकात रेल्वे आली आणि वरच्या गंगेवरची ही वाहतूक ओसरली. आसामकडची टिकली, ती १९६५ च्या युद्धात पूर्व पाकिस्तानची वाट बंद होईपर्यंत.

१९७२ च्या भारत-बांगलादेश करारानं मालासाठी वाट पुन्हा उघडली. १९८६ मध्ये गंगा आणि १९८८ मध्ये ब्रह्मपुत्रा राष्ट्रीय जलमार्ग झाल्या. पर्यटकांची बोट कोलकात्याहून ढाक्याला निघायला मात्र मार्च २०१९ उजाडलं. ३,२०० किलोमीटरची सलग सफर त्यानंतरच शक्य झाली, आणि वाट पुन्हा सुंदरबनातूनच गेली.

वाफेच्या बोटींच्या काळातली आणखी एक गोष्ट टिकून आहे : बंडाल. बांबूच्या चौकटीला चटया बांधून ती प्रवाहात तिरकी रोवतात, म्हणजे पाणी मधल्या वाटेकडे वळतं आणि तळाची वाळू स्वतःच खरवडून नेतं. पावसाळ्यात हे सगळं वाहून जातं. पाणी उतरलं की माणसं पुन्हा नदीत उतरून बांबू रोवतात.