५४ मिलिमीटरचा शिपाई आला कुठून?

तान्हा पोळा जवळ आला, की आमच्याकडे वाढयाच्या, म्हणजे सुताराच्या, ओट्यावर लाकडी बैलांची रांग लागते. पोट्टे आधी किंमत विचारत नाहीत. बैल उचलतात, चाकं फिरवतात, दोन्ही शिंगं सारखी आहेत का ते डोळा बारीक करून बघतात. वशिंड पाठीवर सरकलेलं असेल तर वाढयाच्या तोंडावर सांगतात. ही पारख आम्हाला घरबसल्या मिळालेली. तरीही मोठं झाल्यावर छोटे लष्करी शिपाई जमवायचा नाद लागला, तेव्हा मी फक्त फोटो पाहून पहिला घोडेस्वार मागवला. आला तो बोटाच्या पेरापेक्षा जरासा मोठा. चूक विकणाऱ्याची नव्हती. खोक्यावर १/७२ असं स्वच्छ लिहिलं होतं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढा. त्या आकड्याचा अर्थच मला माहीत नव्हता.

हे आकडे आले कुठून, हे कळलं की निवड निम्मी सोपी होते. अठराव्या शतकात जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग भागात हिल्पर्ट घराण्याने कथलाचे चपटे शिपाई ओतून विकायला सुरुवात केली. पाटीच्या दगडात दोन बाजूंचा साचा कोरायचा आणि त्यात कथील-शिशाचा रस ओतायचा. शिपाई जाडीला पत्र्यासारखा, पण कोरणारा कसबी असेल तर अंगरख्याच्या चुण्यासुद्धा उठायच्या. प्रत्येक कारखान्याचं माप मात्र वेगळं. एकोणिसाव्या शतकात हाइनरिक्सन या कारखान्याने साधारण तीस मिलिमीटरचं माप धरलं, आणि हळूहळू बाकीचेही त्याच वाटेने गेले. फ्रान्समध्ये मिन्यो वगैरे मंडळी भरीव, गोलाकार शिपाई करत होती. ते देखणे होते, पण शिसं जास्त लागायचं आणि किंमतही तशीच.

खरी उलथापालथ झाली १८९३ मध्ये. इंग्लंडच्या विल्यम ब्रिटन कंपनीने पोकळ ओतीव शिपाई काढले. साच्यात रस ओतायचा, कडेला कवच धरलं की आतला रस चटकन उलटा ओतून काढायचा. शिसं वाचलं, वजन घटलं, किंमत उतरली आणि जर्मन मालाची सद्दी मोडली. उंची ठेवली ५४ मिलिमीटर, म्हणजे त्या काळच्या मोठ्या खेळण्यातल्या आगगाडीशेजारी शिपाई शोभावा अशी. ५४ ला ३२ ने गुणा, १७२८ मिलिमीटर होतात. साधारण पुरुषाची उंची. म्हणूनच ५४ मिलिमीटर आणि १/३२ ही एकाच मापाची दोन नावं.

१/३५ ची गोष्ट तर गमतीची आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीने मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. आत बॅटऱ्या मावतील एवढी जागा हवी होती, म्हणून रणगाडा तेवढा केला. मग मोजलं तर प्रमाण आलं सुमारे पस्तिसावा हिस्सा! पुढे त्या रणगाड्याशेजारी उभे राहणारे शिपाईही त्याच मापात आले, आणि आज जगभर दुसऱ्या महायुद्धातले प्लास्टिकचे शिपाई बहुतेक १/३५ मध्येच मिळतात. १/७२ चे मऊ प्लास्टिकवाले छोटे शिपाई मुळात खेळातल्या लढाईसाठी, पिशवीभर घ्यायचे. एकेक रंगवून मांडणीत ठेवायचा असेल तर ७५ किंवा १२० मिलिमीटर घ्या, चेहऱ्यावर ब्रश फिरवायला जागा मिळते. आणि मिलिमीटर कुठून कुठवर मोजलेत तेही विचारा. कुणी टाचेपासून डोळ्यांपर्यंत मोजतो, कुणी डोक्यापर्यंत. दोन कंपन्यांचे ५४ वाले शेजारी ठेवले तर बाप-लेक वाटू शकतात.

१९६६ मध्ये त्या विल्यम ब्रिटन कंपनीने शिशाचे शिपाई बनवणं थांबवलं. शिसं आणि लहान मुलं हे बरं नव्हतंच. त्यानंतर खेळणं वेगळं आणि मोठ्यांचा छंद वेगळा, अशी वाट फुटली. छंदवाल्यांकडे पांढरा धातू, म्हणजे कथलाचं मिश्रण, राहिला, मग रबरासारख्या सिलिकॉनच्या साच्यातला रेझिन आला, म्हणजे ओतल्यावर कडक होणारी राळ. फरक साच्याचा आहे. प्लास्टिकचा साचा पोलादी, तो वाकत नाही. पट्ट्याखाली किंवा काखेत आत वळलेला भाग असेल तर शिपाई साच्यात अडकेल, म्हणून तो भाग भरूनच टाकतात. सिलिकॉन ताणतं, त्यामुळे रेझिनमध्ये खाचा खोल उतरतात. चांगला शिपाई ओळखायचा तो इथेच: बंदुकीचा पट्टा छातीवर चिकटवल्यासारखा दिसतो की त्याखाली सावली पडते, बोटं सुटी आहेत की मुठीचा गोळा झालाय. स्वस्तातला रेझिन बहुधा कुणाच्या तरी मालावरून परत साचा काढून ओतलेला असतो. प्रत्येक नकलेत माल थोडा आकसतो, नाक बोथट होतं.

आमच्या उन्हाची यात भर. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. टिनाखाली पार्सल दोन दिवस पडलं की रेझिनची तलवार विळ्यासारखी वाकून येते. घाबरायचं नाही, गरम पाण्यात धरून सरळ करायची आणि लगेच थंड पाण्यात बुडवायची. थ्रीडी छपाईचा रेझिन मात्र उन्हात पिवळा पडतो, ठिसूळ होतो, त्याला खिडकीत ठेवू नका. जुने शिशाचे शिपाई नव्या प्लायवूडच्या बंद कपाटात ठेवाल तर लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने त्यांच्यावर पांढरी भुकटी चढते.

आता माझी खरी तक्रार. २९ नोव्हेंबर १८०३ ला आमच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज नागपूरकर भोसल्यांशी लढली. लढाईला तोंड फुटलं दुपार कलल्यावर. तोफांचा मारा सुरू होताच वेलस्लीचे शिपाई काही काळ पांगले, ते त्याने स्वतः आवरले. १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. इंग्रजांच्या बाजूचे तांबडे डगलेवाले, स्कॉटिश पलटणी, बंगालचे भालेवाले स्वार, हे सगळे या सव्वाशे वर्षांत हव्या त्या मापात निघाले. भोसल्यांच्या बाजूचा मात्र शोधून शोधून सापडावा लागतो. सापडलाच तर पगडी भलत्याच कुण्या मुलखाची. म्हणून मी दुसराच कुठला तरी पायदळवाला घेतो, बऱ्या चेहऱ्याचा, सुट्या हातापायांचा, आणि दोन भाग मळून कडक होणाऱ्या इपॉक्सी मातीने पागोटं बांधतो. यासाठी मूळ शिपाई चांगलाच लागतो. चेहरा चुकला असेल तर पागोटं कितीही नेटकं बांधा, तो भोसल्यांचा काही होत नाही.

पायाखालचा तळ मी शेतातल्या काळ्या मातीचा करतो, मैद्याच्या चाळणीने चाळून, पांढऱ्या गोंदात कालवून. रंग अगदी जुळतो. वाळताना तिला भेगा पडतात तेवढ्या १/३२ च्या मापात बसत नाहीत. शिपायाचा पाय गुडघ्यापर्यंत आत जाईल एवढ्या पडतात.