आधी किलोचा हिशेब, मग चंद्र

चांद्रयान-३ श्रीहरिकोट्याहून निघालं १४ जुलै २०२३ रोजी आणि चंद्रावर टेकलं २३ ऑगस्टच्या संध्याकाळी. मधल्या काळात, ११ ऑगस्टला, रशियाचं लुना-२५ निघालं आणि पाचच दिवसांत चंद्राच्या कक्षेत दाखलही झालं. १९६९ मध्ये अपोलो-११ने तर चौथ्याच दिवशी चंद्राभोवती घिरट्या सुरू केल्या होत्या. मग आपल्यालाच चाळीस दिवस का लागले, असं त्या वेळी कितीतरी जणांनी विचारलं. प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर नीट समजलं तर इस्रोच्या जवळजवळ प्रत्येक मोहिमेचा आराखडा उलगडतो.

अपोलोला नेणारं सॅटर्न-५ हे रॉकेट सुमारे २,९०० टनांचं होतं. आपलं सर्वांत मोठं रॉकेट एलव्हीएम-३ उड्डाणाच्या वेळी ६४० टनांचं असतं. लुना-२५ हे यान पावणेदोन टनांच्या आसपास होतं, तर चांद्रयान-३ होतं ३,९०० किलोचं. म्हणजे रशियाने हलकं यान थेट चंद्राच्या वाटेला लावलं आणि आपण दुपटीहून जड यान मर्यादित ताकदीच्या रॉकेटवर पाठवलं. एलव्हीएम-३ने त्याला पृथ्वीभोवतीच्या लांबट कक्षेत सोडलं. पुढचा सगळा वेग यानाने स्वतःच्या छोट्या इंजिनाने, दर फेरीला थोडा थोडा करून, मिळवला. त्यात पहिले अडीच आठवडे गेले. पृथ्वी सोडल्यावर चंद्रापर्यंतचा खरा प्रवास जेमतेम पाच दिवसांचा झाला. उरलेले दिवस कक्षा लहान करण्यात आणि उतरायच्या जागी सूर्य उगवण्याची वाट पाहण्यात गेले, कारण लँडर आणि रोव्हर दोन्ही सौर ऊर्जेवर चालणार होते.

हा फेऱ्यांचा मार्ग प्रथम गाजला तो मंगळयानामुळे. खरं तर ते यान जीएसएलव्ही या मोठ्या रॉकेटवरून पाठवायचा विचार होता. पण २०१० या एकाच वर्षात जीएसएलव्हीची दोन उड्डाणं अपयशी ठरली आणि पृथ्वीवरून मंगळाकडे कमी इंधनात जाण्याची संधी साधारण २६ महिन्यांतून एकदाच येते. २०१३ची संधी हुकली असती तर थेट २०१६पर्यंत थांबावं लागलं असतं. हाताशी भरवशाचं रॉकेट होतं ते पीएसएलव्ही, मुळात भूनिरीक्षण करणारे उपग्रह ध्रुवीय कक्षेत सोडण्यासाठी बनवलेलं. तेव्हा त्याला पेलेल असंच यान बांधायचं ठरलं. १,३३७ किलोच्या त्या यानात ८५२ किलो निव्वळ इंधन होतं आणि वैज्ञानिक उपकरणं होती अवघी १५ किलोंची.

५ नोव्हेंबर २०१३ला पीएसएलव्हीने यान पृथ्वीच्या कक्षेत सोडलं. त्याचं मुख्य इंजिन ४४० न्यूटनचं, म्हणजे पृथ्वीवर ते जेमतेम ४५ किलो वजन तोलून धरेल. एवढ्याशा जोरावर एका दमात पृथ्वीच्या पकडीतून सुटणं शक्य नाही. पण लांबट कक्षेत फिरणारं यान पृथ्वीच्या सर्वांत जवळ येतं तेव्हा त्याचा वेग सर्वाधिक असतो, आणि नेमक्या त्या वेळी इंजिन चालवलं तर तेवढ्याच इंधनातून यानाच्या पदरात जास्त ऊर्जा पडते. म्हणून प्रत्येक वेळी जवळच्या टोकाशी इंजिन थोडा वेळ पेटवायचं आणि दूरचं टोक आणखी दूर ढकलायचं. ११ नोव्हेंबरला इंजिनाने ठरल्याइतका वेग दिला नाही, तेव्हा दुसऱ्याच दिवशी जादा प्रज्वलन करून तूट भरून काढावी लागली. १ डिसेंबरला, मध्यरात्र उलटल्यावर, यानाने पृथ्वी सोडली. मग ते इंजिन सुमारे ३०० दिवस बंद होतं. इतक्या दीर्घ झोपेनंतर ते पेटेल का, ही त्या मोहिमेतली खरी धाकधूक होती. २२ सप्टेंबर २०१४ला ते चार सेकंद चालवून पाहिलं आणि २४ सप्टेंबरला त्याने यानाचा वेग कमी करून ते मंगळाच्या कक्षेत बसवलं.

तिथेही वजनाने आपली किंमत वसूल केली. गोलाकार, जवळच्या कक्षेत यायला जितका ब्रेक लावावा लागतो तितकं इंधन नव्हतं. म्हणून कक्षा राहिली एका बाजूला सुमारे ४२० किलोमीटर आणि दुसऱ्या बाजूला ७७,००० किलोमीटर. पण त्यामुळेच मंगळाची संपूर्ण तबकडी एका चौकटीत मावणारी छायाचित्रं मिळाली, आणि ती अजूनही पाहत बसावीत इतकी देखणी आहेत.

या मोहिमेचा उल्लेख निघाला की '४५० कोटींत मंगळ' हे वाक्य हमखास येतं. काटकसरीचं कौतुक व्हायलाच हवं. मात्र फक्त तेवढंच सांगितलं की चित्र अर्धं राहतं, असं मला मनापासून वाटतं. मोहीम स्वस्त होती त्याचं एक मोठं कारण यान लहान होतं, आणि यान लहान होतं कारण रॉकेट लहान होतं. १५ किलोंच्या उपकरणांत किती विज्ञान होणार, याला सीमा असते. अभियंत्यांनी ती सीमा ताणून ताणून वापरली, हे त्यांचं कर्तृत्व. पण सीमा हलवायची असेल तर मोठं रॉकेट लागतं, आणि ती गोष्ट पैशांपेक्षा दशकांत मोजावी लागते.

१९७५ मध्ये पहिला भारतीय उपग्रह 'आर्यभट' ३६० किलोचा होता आणि तो सोव्हिएत रॉकेटवरून गेला, कारण आपल्याकडे उपग्रह सोडणारं रॉकेटच नव्हतं. उपग्रह सोडणारं पहिलं स्वदेशी रॉकेट एसएलव्ही-३ ऑगस्ट १९७९ मध्ये समुद्रात पडलं आणि १८ जुलै १९८०ला यशस्वी झालं. १७ टनांच्या त्या रॉकेटने 'रोहिणी' उपग्रह कक्षेत नेला, तो ३५ किलोचा. पुढच्या एएसएलव्हीची पहिली दोन उड्डाणं फसली. पीएसएलव्हीचं पहिलं उड्डाणही सप्टेंबर १९९३ मध्ये फसलं, पण १९९४पासून त्याचा जम बसला. २००८चं चांद्रयान-१ त्याच्यावरूनच गेलं, २०२३चं आदित्य-एल१ही. आदित्यवरचं सूर्याची अतिनील छायाचित्रं घेणारं 'सूट' हे उपकरण पुण्याच्या आयुकामध्ये आकाराला आलं, हे मराठी वाचकांना आवर्जून सांगण्याजोगं.

पण पीएसएलव्हीची ताकद पावणेदोन टनांच्या आसपास संपते, आणि तीही सहाशे किलोमीटर उंचीच्या कक्षेसाठी. दळणवळणाचे उपग्रह ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर कक्षेत लागतात. त्यासाठी हवं क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव इंधनावर चालणारं, इंजिन.

रॉकेटची करामत मागे फेकल्या जाणाऱ्या वायूच्या वेगावर ठरते. घन इंधनाच्या मोठ्या मोटारीतून वायू सेकंदाला सुमारे २.७ किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. द्रवरूप हायड्रोजन आणि ऑक्सिजन जाळले तर हाच वेग सव्वाचार किलोमीटरच्या वर जातो, कारण हायड्रोजन हा सर्वांत हलका वायू. शेवटच्या टप्प्यात हा फरक निर्णायक ठरतो. त्या टप्प्याचं वजन एक किलोने वाढलं की उपग्रहाचं नेमकं एक किलो कमी होतं. अडचण अशी की द्रव हायड्रोजन उणे २५३ अंश सेल्सिअसला ठेवावा लागतो, ऑक्सिजन उणे १८३ला, आणि या गारठ्यात भन्नाट वेगाने फिरणाऱ्या पंपांच्या शेजारीच हजारो अंशांची ज्वाळा जळत असते. धातू आकसतात, सांधे गळतात, बेअरिंगला नेहमीचं वंगण चालत नाही.

भारताने १९९१ मध्ये हे तंत्रज्ञान सोव्हिएत संस्थेकडून घेण्याचा करार केला. क्षेपणास्त्र तंत्रज्ञानाच्या प्रसाराचं कारण पुढे करून अमेरिकेने दडपण आणलं आणि १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान द्यायला नकार दिला. तयार टप्पे तेवढे विकले. वास्तविक क्षेपणास्त्रासाठी क्रायोजेनिक इंजिन गैरसोयीचंच, कारण त्याच्या टाक्या भरून ठेवून महिनोन्महिने वाट पाहता येत नाही. ते काही असो, इंजिन आपल्यालाच बनवावं लागलं. स्वदेशी क्रायोजेनिक टप्प्याचं पहिलं उड्डाण एप्रिल २०१० मध्ये झालं आणि हायड्रोजन पुढे ढकलणारा पंप थांबल्यामुळे ते समुद्रात गेलं. यश आलं ५ जानेवारी २०१४ला. करारापासून तोवर तेवीस वर्षं उलटली होती.

एलव्हीएम-३ त्यानंतरचं. ते भूस्थिर कक्षेच्या वाटेवर सुमारे चार टन नेतं. म्हणजे वर जाणाऱ्या प्रत्येक किलोमागे जमिनीवरून १६० किलोचं रॉकेट उठतं. पण चार टनही कमीच पडतात. ५,८५४ किलोचा जीसॅट-११ डिसेंबर २०१८ मध्ये फ्रेंच गयानातून एरियान-५वर गेला, ४,७०० किलोचा जीसॅट-एन२ नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतून फाल्कन-९वर. नोव्हेंबर २०२५ मध्ये ४,४१० किलोचा सीएमएस-०३ एलव्हीएम-३ने नेला खरा, पण त्यासाठी कक्षेचं दूरचं टोक आत घ्यावं लागलं.

वजनाची ही ओढाताण भूगोलापर्यंत पोचते. श्रीहरिकोटा पूर्व किनाऱ्यावर आहे. पूर्वेकडे रॉकेट सोडलं की पृथ्वीच्या फिरण्याचा सेकंदाला सुमारे ४५० मीटरचा वेग फुकटात मिळतो. ध्रुवीय कक्षेसाठी मात्र दक्षिणेकडे जावं लागतं आणि वाटेत येतो श्रीलंका. रॉकेटचे रिकामे टप्पे लोकवस्तीवर पडू नयेत म्हणून पीएसएलव्ही आधी आग्नेयेला जातं आणि मग वळतं. त्या वळणात इंधन खर्च होतं. मोठ्या रॉकेटला ते निभावतं, पण ५०० किलो नेणाऱ्या छोट्या एसएसएलव्हीला ते फार महागात पडतं. म्हणून तमिळनाडूच्या अगदी दक्षिणेला, कुलशेखरपट्टिनमला दुसरं प्रक्षेपण केंद्र उभारलं जात आहे. तिथून दक्षिणेला थेट मोकळा समुद्र आहे.

चांद्रयान-४ला चंद्रावरची सुमारे तीन किलो माती आणि दगड पृथ्वीवर आणायचे आहेत. त्यासाठी उतरायचं, नमुने गोळा करायचे, चंद्रावरून पुन्हा उडायचं, कक्षेत जोडणी करायची आणि पृथ्वीच्या वातावरणात शिरून सुखरूप खाली यायचं. या कामांसाठी लागणाऱ्या यानाच्या पाच भागांचं एकत्र वजन ९,२०० किलो होतं. चीनने २०२० मध्ये छांग-ई-५ हे ८,२०० किलोचं यान लाँग मार्च-५च्या एकाच उड्डाणात पाठवलं आणि १,७३१ ग्रॅम नमुने आणले. आपल्याकडे तेवढं रॉकेट नाही. म्हणून दोन एलव्हीएम-३ उडतील आणि यानाचे भाग पृथ्वीच्या कक्षेत एकमेकांना जोडले जातील.

मला स्पेडेक्स ही मोहीम इतकी महत्त्वाची वाटते ती यासाठीच. ३० डिसेंबर २०२४ला पीएसएलव्हीने प्रत्येकी सुमारे २२० किलोंचे दोन छोटे उपग्रह सोडले आणि १६ जानेवारी २०२५ला ते अवकाशात एकमेकांना जोडले गेले. बातम्यांत 'असं करणारा चौथा देश' एवढंच आलं. प्रत्यक्षात एका उड्डाणात न मावणारी मोहीम दोन उड्डाणांत विभागण्याची सोय त्या दिवशी हाती आली. भारतीय अंतरिक्ष स्थानकाला, ज्याचं पाच भागांत मिळून वजन सुमारे ५२ टन असेल, जोडणीशिवाय पर्यायच नाही. त्याचा पहिला भाग सुमारे दहा टनांचा असेल आणि तो २०२८पर्यंत वर नेण्याचं उद्दिष्ट आहे. पूर्ण स्थानक २०३५पर्यंत.

गगनयानाचं गणित वेगळं आहे. तीन दिवस, सुमारे ४०० किलोमीटर उंची, आणि यानात माणसं. माणूस आला की हवा, पाणी, तापमान, उष्णतारोधक कवच, पॅराशूट सगळंच वजनात धरावं लागतं. शिवाय रॉकेट बिघडलं तर यानाला क्षणात खेचून दूर नेणारी सुटका यंत्रणा हवी. तिचा प्रयोग २१ ऑक्टोबर २०२३ला झाला. ही यंत्रणा रॉकेटच्या अगदी टोकावर बसते, आणि सगळं सुरळीत झालं तर तिचा काहीच उपयोग न होता ती फेकून दिली जाते. प्रत्येक उड्डाणात हे ओझं न्यायचंच, आणि त्यात काटकसर करायचीच नाही. मे २०२५ मध्ये पीएसएलव्हीसारख्या मुरलेल्या रॉकेटचाही तिसरा टप्पा बिघडला आणि उपग्रह गमावला. म्हणून गगनयानाच्या तारखा पुढे गेल्या तर मला त्याची तक्रार करावीशी वाटत नाही. माणसं बसवण्याआधी 'व्योममित्र' या यंत्रमानवाला घेऊन मानवरहित उड्डाणं होणार आहेत, आणि ती हवीत तेवढी व्हावीत.

मोठ्या रॉकेटचं काम दोन वाटांनी चालू आहे. एलव्हीएम-३च्या मधल्या टप्प्यासाठी केरोसीन आणि द्रव ऑक्सिजनवर चालणारं, २,००० किलोन्यूटन जोराचं सेमीक्रायोजेनिक इंजिन बनतं आहे. मार्च २०२५ मध्ये तमिळनाडूतल्या महेंद्रगिरीला त्याच्या मुख्य भागांची पहिली ज्वलन चाचणी यशस्वी झाली. ते बसलं की भूस्थिर कक्षेच्या वाटेवरची क्षमता चारावरून पाच टनांवर जाईल. दुसरी वाट म्हणजे संपूर्ण नवं रॉकेट, एनजीएलव्ही. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्याला ८,२४० कोटी रुपये मंजूर केले. खालच्या कक्षेत ३० टन, पहिला टप्पा पुन्हा वापरता येणारा, आणि एलव्हीएम-३च्या दीडपट खर्चात तिप्पट वजन, असं उद्दिष्ट आहे. ते सोडायला श्रीहरिकोट्यात तिसरा प्रक्षेपण तळही बांधायचा आहे.

२०४०पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर उतरवायचा संकल्प याच रॉकेटच्या भरवशावर आहे. विकासासाठी आठ वर्षं धरली आहेत, म्हणजे सगळं वेळेवर झालं तर २०३२. क्रायोजेनिक इंजिनाला लागलेली तेवीस वर्षं आठवली की २०३२ ते २०४० ही मधली आठ वर्षं फार वाटत नाहीत. म्हणून येत्या काळात यानांच्या बातम्यांइतकंच लक्ष महेंद्रगिरीच्या चाचणी मंचावरून येणाऱ्या छोट्या बातम्यांकडे ठेवायला हवं: कोणतं इंजिन किती सेकंद चाललं, आणि पूर्ण जोरावर चाललं का.