पार्श्वभूमी : चार नगरसेवकांचा एक प्रभाग

१५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झाले. जागा होत्या २,८६९. मुंबईकराने एक बटण दाबले आणि तो बाहेर पडला. बाकीच्या २८ शहरांत मात्र बहुतेक मतदारांना अ, ब, क, ड अशी चार बटणे दाबायची होती. गल्लीतले ड्रेनेज तुंबले की या चौघांपैकी कुणाला फोन लावायचा, हा प्रश्न त्या गडबडीत मागे राहिला. प्रश्न नवा नाही. गेल्या पंचवीस वर्षांत राज्याने त्याचे उत्तर इतक्या वेळा बदलले आहे की विचारणाराच दमला.

आधी शब्दाचा गुंता. महापालिकेच्या कारभारात ‘प्रभाग’ इतका चकवा देणारा दुसरा शब्द सापडणार नाही. मुंबईत ‘वॉर्ड’ म्हणजे जी दक्षिण, के पश्चिम असे अक्षरांनी ओळखले जाणारे प्रशासकीय विभाग. नगरसेवक जिथून निवडून येतो तो भागही बोलताना वॉर्डच, कागदावर प्रभाग. पुण्यात प्रभाग निवडणुकीपुरता. कचरा, पाणी, दाखले यांसाठी जायचे ते क्षेत्रीय कार्यालयात, आणि त्याची हद्द वेगळी. नाशिकला विभागीय कार्यालय म्हणतात, नागपूरला झोन. कल्याण-डोंबिवलीत ‘ह प्रभाग’ म्हटले की कार्यालयाचे क्षेत्र समजायचे. ठाण्याने तर कमालच केली आहे. तिथे ‘प्रभाग समिती’ हे चक्क कार्यालयाचे नाव आहे. ‘वागळे प्रभाग समितीत अर्ज द्या’ असे सांगितले, तर माणूस खिडकीसमोरच्या रांगेत उभा राहतो. समिती नावाची काही सभा असते, तिला निवडून आलेले सदस्य असतात आणि तिथे आपल्याला काही विचारता येईल, हे त्याच्या गावीही नसते.

याचे मूळ राज्यघटनेच्या एका कलमात आहे. १ जून १९९३ रोजी लागू झालेल्या ७४ व्या दुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत वॉर्ड समित्या बंधनकारक केल्या. नागरिक आणि पालिका यांच्यातले अंतर कमी व्हावे, हा हेतू. पण कलमाची शब्दरचना ‘एक किंवा अधिक वॉर्डांची समिती’ अशी आहे. ‘किंवा अधिक’ या दोन शब्दांनी सगळे गणित फिरवले. केरळने मोठ्या शहरांत प्रत्येक वॉर्डाला समिती दिली. महाराष्ट्राने अनेक वॉर्डांची मोट बांधून एकेक समिती केली आणि ती प्रशासकीय कार्यालयाला जोडून दिली. आज पुण्यात ४१ प्रभाग आहेत आणि प्रभाग समित्या १५. एका समितीच्या वाट्याला दोन लाखांहून अधिक माणसे येतात. साताऱ्यासारखे एक अख्खे शहर त्यात सहज मावेल. स्वयंसेवी संस्थांच्या प्रतिनिधींना समितीवर घेण्याची तरतूद कायद्यात आहे, पण त्या खुर्च्यांवर पक्षाचे कार्यकर्तेच येऊन बसतात, हे शहरात राहणाऱ्या कुणालाही वेगळे सांगायला नको.

मागचा इतिहास थोडक्यात. मुंबईत १८६५ च्या कायद्याने एका आयुक्ताच्या हाती जवळजवळ सगळी सत्ता दिली. त्याने शहर सुधारले आणि तिजोरी रिकामी केली. करदाते भडकले, आयुक्ताला जावे लागले आणि १८७२ च्या कायद्याने ६४ पैकी निम्मे सदस्य करदात्यांनी निवडायचे ठरले. १८८८ च्या कायद्याने त्यावर पक्की घडी बसवली. अंमलबजावणी सरकारने नेमलेल्या आयुक्ताकडे, पैशाची मंजुरी सभागृहाकडे आणि मधोमध खर्चाचे प्रस्ताव तपासणारी, निवडक सदस्यांची स्थायी समिती. १९४९ च्या कायद्याने तोच साचा पुण्यासारख्या शहरांना लावला. म्हणजे काम करणारा आयुक्त उत्तर देतो मंत्रालयाला, आणि मतदार जाब विचारतो नगरसेवकाला, ज्याच्या हातात अंमलबजावणीचा अधिकारच नाही. ही फट दीडशे वर्षांची आहे. ती बुजवण्याचा एकच धाडसी प्रयत्न झाला. १९९८ मध्ये मुंबई आणि नागपुरात ‘मेयर इन कौन्सिल’ आणून कार्यकारी अधिकार महापौर आणि त्याच्या परिषदेकडे दिले. पुढच्याच वर्षी ते गुंडाळले. त्यानंतर त्या वाटेला कुणी गेले नाही.

आयुक्त हाती लागत नसेल, तर निदान नगरसेवक तरी ओळखीचा असावा, एवढीच सामान्य माणसाची अपेक्षा उरते. तीही बहुसदस्यीय प्रभागाने अवघड केली, आणि या पार्श्वभूमीचा खरा गाभा तोच आहे.

पुण्याचे आकडे पाहिले की प्रकार लक्षात येतो. २००२ ची निवडणूक तीन सदस्यांच्या प्रभागांनी झाली. २००७ मध्ये पुन्हा एक वॉर्ड, एक नगरसेवक, असे १४४. २०१२ ला दोनचे प्रभाग झाले : ७६ प्रभाग, १५२ जागा. २०१७ ला चारचे : ४१ प्रभाग, १६२ जागा. २०१९ च्या अखेरीस कायदा बदलून पुन्हा एक सदस्य ठरला. त्यावर निवडणूक होण्याआधीच सप्टेंबर २०२१ मध्ये तीन सदस्यांचा निर्णय आला. पुण्यात त्यानुसार ५८ प्रभागांत १७३ जागांची रचना झाली, नकाशे छापले, हरकती ऐकल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये नव्या सरकारने ते रद्द करून पुन्हा चारवर आणले. शेवटी २०२६ ला ४१ प्रभाग आणि १६५ जागा, त्यातला एक प्रभाग पाच जणांचा. मुंबई या खेळातून कायम बाहेर राहिली. तिथे २२७ च्या २३६ झाल्या, परत २२७ झाल्या, पण दर वॉर्डाला एक हे सूत्र कुणी मोडले नाही. जे मुंबईला चालते ते पिंपरी-चिंचवडला का चालत नाही, याचे समाधानकारक उत्तर कुठल्याही विधेयकाच्या उद्देशात मला सापडलेले नाही.

यात कुठला एकच पक्ष दोषी धरता येत नाही. २००२ ला तीन, २००७ ला एक आणि २०१२ ला दोन हे तिन्ही निर्णय एकाच आघाडीच्या राजवटीतले. ज्यांनी विरोधात असताना चारच्या प्रभागावर टीका केली, त्यांनी सत्तेत आल्यावर आधी एकचा ठरवला आणि मग तीनचा काढला. ज्याचे पॅनेल, म्हणजे प्रभागातल्या सगळ्या जागांसाठी एकत्र उभी केलेली उमेदवारांची फळी, तगडे त्याला मोठा प्रभाग हवा. ज्याची मदार स्थानिक चेहऱ्यावर, त्याला छोटा वॉर्ड हवा. बाकी सगळे शब्द त्यावरून पांघरलेले.

बहुसदस्यीय प्रभागाच्या बाजूने केला जाणारा युक्तिवादही नोंदवायला हवा. २०१२ पासून निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत, शिवाय इतर आरक्षणे. एकसदस्यीय पद्धतीत दर पाच वर्षांनी आरक्षणाची सोडत निघते आणि चांगले काम करणाऱ्याचाही वॉर्ड जातो. ज्याला पुन्हा उभेच राहता येणार नाही, तो मतदाराला कशाला भिईल? प्रभागात चार जागा असल्या की एखादी तरी त्याच्यासाठी उरते. मोठ्या हद्दीत गल्लीतल्या दादाचे चालत नाही, असेही सांगतात. पहिला मुद्दा वजनदार आहे. दुसरा २०१७ नंतर टिकत नाही, कारण दादा गेला नाही, त्याने पॅनेल बांधले. एक जागा स्वतःला, एक पत्नीला किंवा वहिनीला, उरलेल्या दोन सांगेल ते ऐकणाऱ्यांना.

रोजच्या कारभारात याचे परिणाम बारीक बारीक गोष्टींत दिसतात. पुण्याच्या अंदाजपत्रकात नगरसेवकांनी सुचवलेल्या प्रभागातल्या छोट्या कामांची ‘स’ यादी असते. एका रस्त्यावर चौघांचा हक्क, म्हणून चौघांच्या याद्या, चार वेगवेगळ्या रंगांचे बाक आणि त्यावर चार नावे. चौघे एका पक्षाचे असले तर कामे वाटून घेतात. वेगवेगळ्या पक्षांचे असले तर एकमेकांची अडवतात. मग मोठ्या प्रकल्पाचे पैसे वर्गीकरणाने, म्हणजे एका कामाची तरतूद दुसऱ्या कामाला देऊन, इकडे वळवले जातात, आणि ते वर्गीकरण आयत्या वेळचा विषय म्हणून किंवा उपसूचना जोडून मंजूर होते. कार्यपत्रिकेत ते आधी दिसतच नाही, तर नागरिक हरकत कशावर घेणार? चौघांपैकी एकाचे निधन झाले तर त्या एका जागेची पोटनिवडणूक अख्ख्या प्रभागात घ्यावी लागते. पुण्यात २०११ च्या जनगणनेच्या हिशेबाने हा प्रभाग सरासरी ८४ हजार लोकांचा आहे.

आता पारदर्शकतेची दुसरी बाजू. कायद्यांची इथे वानवा नाही. महाराष्ट्राने २००२ मध्येच स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा पूर्णपणे लागू झाला आणि त्याच्या चौथ्या कलमाने कुणी मागण्याची वाट न पाहता माहिती आपणहून जाहीर करणे कार्यालयांवर बंधनकारक केले. पुणे महापालिकेने सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात अर्जाशिवाय फायली पाहू देण्याची प्रथा सुरू केली. २०१८ मध्ये राज्य शासनाने ती सगळ्या स्थानिक संस्थांना लागू केली. प्रत्यक्षात काय होते? एका शहरात (नाव नको) सोमवारी साडेतीनला गेलो, तर लिपिकाने शांतपणे विचारले, ‘कुठल्या सोमवारी?’

याच काळात केंद्राच्या शहर नूतनीकरण योजनेने, डिसेंबर २००५ नंतर, निधीला अटी लावल्या. त्यात नागरिकांच्या सहभागाचा कायदा करणे ही एक अट होती. राज्याने २००९ मध्ये दुरुस्ती करून ‘क्षेत्रसभा’ आणली. गावाला ग्रामसभा तशी शहराला क्षेत्रसभा : लगतच्या काही मतदान केंद्रांच्या मतदारांनी नगरसेवकाच्या अध्यक्षतेखाली जमायचे आणि कामांचा क्रम ठरवायचा. कायदा झाला, योजनेचा निधी आला, क्षेत्रसभा कागदावरच राहिली. शेजाऱ्याला विचारून पाहा, तो कधी क्षेत्रसभेला गेला होता का. चारच्या प्रभागात तर आधी चौघांत हद्द वाटून घ्यायला हवी. ही वाटणी कुणालाच नको असते, कारण हद्द ठरली की जबाबदारीही ठरते.

मग आला प्रशासकांचा काळ, आणि जाब विचारायला चौघेच काय, एकही उरला नाही. ओबीसी आरक्षणाचा न्यायालयीन वाद आणि वर सांगितलेली प्रभागांची फिरवाफिरवी यांत निवडणुका अडकल्या. मुंबईच्या सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली, पुण्याची १४ मार्चला. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी, असे घटना सांगते. प्रत्यक्षात जवळपास चार वर्षे गेली. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने मुदत घालून दिली, ती पुढे ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवली, तेव्हा कुठे मतदान झाले.

मुंबईत असे आधीही घडले होते. १९७८ नंतरची निवडणूक १९८५ पर्यंत लांबली आणि १९८४ पासून वर्षभर प्रशासक होता. पण या वेळचा पैसा वेगळ्याच मापाचा. मुंबईचे अंदाजपत्रक २०२२-२३ ला ४५,९४९ कोटींचे होते, २०२५-२६ ला ७४,४२७ कोटींचे. एरवी आयुक्त ते स्थायी समितीला सादर करतो, समिती चिरफाड करते आणि सभागृह मंजुरी देते. प्रशासकाच्या काळात आयुक्त आणि प्रशासक ही एकच व्यक्ती. प्रस्ताव त्याच्याच यंत्रणेचा, मंजुरी त्याचीच. पुण्यात ‘स्थायी समिती’ आणि ‘मुख्य सभा’ ही नावे कागदोपत्री चालू राहिली, समोर फक्त अधिकारी बसायचे. प्रश्नोत्तरे नाहीत, तहकुबी नाही, सभात्याग नाही. काही जणांना हा काळ सुखाचा वाटला, कारण निर्णय पटापट झाले. कोणते झाले हे मात्र ठेकेदाराची यंत्रे दारात आल्यावरच कळायचे.

सभागृहे आता पुन्हा भरली आहेत, महापौर निवडले गेले आहेत. इचलकरंजी आणि जालना इथे तर महापालिकेची ही पहिलीच निवडणूक होती. प्रभाग समित्यांच्या हद्दी पूर्वीसारख्याच कार्यालयांना बांधलेल्या आहेत. क्षेत्रसभेचे कलम जागच्या जागी आहे. आणि चौकातल्या नव्या अभिनंदनाच्या फलकावर चार फोटो आहेत, खाली संपर्कासाठी एकच मोबाइल नंबर. तो चौघांपैकी कुणाचा, हे लिहिलेले नाही.