घराचा विमा: काय भरून मिळतं, काय नाही

घराचा विमा म्हणजे घराच्या बांधकामाचं किंवा आतल्या सामानाचं अचानक नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा. आपल्याकडे १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ठरवून दिलेली पॉलिसी आहे, त्यामुळे या पॉलिसीचं मूळ कव्हर कुठल्याही कंपनीकडून घेतलं तरी सारखंच.

आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, दहशतवादी हल्ला, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं हे सगळं यात येतं. म्हणजे जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये घराघरात शिरलं तसं पुराचं पाणी आलं तर क्लेम बसतो, पण दर पावसाळ्यात भिंतीला ओल येते, पोपडे सुटतात, स्लॅब हळूहळू गळतो त्याला पैसे मिळत नाहीत, कारण ती झीज आहे, घटना नाही. लोकांचं सगळ्यात जास्त बिनसतं ते इथेच आणि त्यांचा राग मला समजतो, कारण पाणी तेच असतं ना.

चोरीचंही तसंच. आग किंवा पुरासारख्या घटनेनंतर ७ दिवसांत झालेली चोरी धरतात, गावाला गेल्यावर कुलूप तोडून झालेली नाही, त्यासाठी घरफोडीचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. दागिन्यांचंही कव्हर वेगळं.

रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरते, जमिनीची किंमत त्यात नसते, म्हणून ८० लाखाच्या फ्लॅटला ८० लाखाचा विमा लागत नाही. इमारतीचा विमा घेतला की सामानाला तिच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखापर्यंत कव्हर आपोआप मिळतं. भाडेकरूला नुसत्या सामानाचाही विमा घेता येतो.

आणि होम लोन घेताना बँकेने जोडलेला विमा बऱ्याचदा कर्जदाराच्या जिवाचा असतो, घराचा नाही, तेव्हा कागद काढून एकदा बघाच. सोसायटीचा विमा असला तरी तो साधारणपणे इमारतीचा असतो, तुमचा फ्रिज आणि कपाट त्यात नसतं.

पूर ओसरला की आधी कंपनीला कळवायचं, आणि घर धुवायच्या आधी भिंतीवरच्या चिखलाच्या रेघेचे, उलट्या पडलेल्या फ्रिजचे फोटो काढायचे, कारण नुकसान तपासणारा सर्व्हेअर येईपर्यंत ती रेघ पुसली गेली तर पाणी कुठवर चढलं होतं हे दाखवायला हातात काहीच उरत नाही.