फ्लेक्स आणि ताडपत्री : बेघरांच्या छपरासाठी जुन्यातले काय घ्यावे

पावसाळ्याच्या तोंडावर जळगाव, धुळे, भुसावळ या शहरांत उघड्यावर राहणाऱ्या कुटुंबांसाठी जुन्या ताडपत्र्या गोळा करायला निघाले, की हाती येणाऱ्या ढिगात ताडपत्रीच्या बरोबरीने फ्लेक्सही येतो. वाढदिवसाचे, सत्काराचे, निवडणुकीचे बॅनर देणारा ताडपत्री म्हणूनच देतो आणि पाल ठोकणाराही फारशी चौकशी करत नाही, कारण दोन्ही वस्तू पाणी अडवतात, दोन्हींच्या कडेला रिंगा असतात आणि घडी घातली की त्या सारख्याच दिसतात. प्रत्यक्षात दोन्हींचे प्लास्टिक वेगळे आहे, आतले विणकाम वेगळे आहे आणि उन्हात, थंडीत व आगीजवळ दोन्हींचे वागणेही वेगळे आहे, त्यामुळे कोणता तुकडा डोक्यावर, कोणता भिंतीला आणि कोणता जमिनीवर जाणार, हे ढीग फोडतानाच ठरवावे लागते.

फ्लेक्समध्ये पॉलिएस्टरच्या धाग्यांची विरळ जाळी असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना पीव्हीसीचा थर बसवलेला असतो. पीव्हीसी मुळात कडक असते, पाण्याचे कडक पाईप त्याचेच असतात; ते गुंडाळता यावे म्हणून त्यात प्लास्टिसायझर नावाचे तेलकट द्रव्य मिसळावे लागते. आज बाजारात मिळणारी ताडपत्री मात्र बहुधा पॉलिथिनची असते : हाय डेन्सिटी पॉलिथिनच्या चपट्या पट्ट्या विणून त्या कापडावर लो डेन्सिटी पॉलिथिनचा पातळ थर चढवलेला असतो, आणि तिच्यासाठी आयएस ७९०३ हे भारतीय मानक आहे. शेततळ्यापासून कांद्याच्या चाळीपर्यंत दिसणाऱ्या सिलपोलिनमध्ये विणकाम नसते, थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले असतात, पण द्रव्य पॉलिथिनच असल्याने ते ताडपत्रीच्याच बाजूला धरावे. संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था आपत्तीच्या वेळी ४ मीटर बाय ५ मीटरची जी शीट वाटते, तीही विणलेल्या पॉलिथिनचीच असते.

ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. फाटलेली कड उन्हात धरली की फ्लेक्समधून पांढऱ्या, बारीक, गोल धाग्यांची चौकटी जाळी डोकावते आणि ताडपत्रीतून खताच्या गोणीसारख्या चपट्या पट्ट्या निघतात. तरीही शंका राहिली, तर दोन बोटांएवढा तुकडा कापून बादलीत पूर्ण बुडवावा, त्याला चिकटलेले बुडबुडे बोटाने पुसून टाकावेत आणि मग तो सोडावा. पॉलिथिन पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे ताडपत्रीचा तुकडा वर येतो. पीव्हीसी आणि पॉलिएस्टर दोन्ही पाण्यापेक्षा जड असल्यामुळे फ्लेक्सचा तुकडा तळाशी जातो. नुसता वरून टाकलेला फ्लेक्सही कधी कधी पाण्याच्या पृष्ठताणावर तरंगत राहतो, म्हणून बुडवणे महत्त्वाचे. जाळून वासावरून ओळखण्याची पद्धत भंगाराच्या धंद्यात आहे, पण पीव्हीसीचा धूर हुंगावा असा नसतो.

खानदेशात खरी परीक्षा पावसाआधी उन्हाची असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास गेला, की पालावर ताणलेल्या फ्लेक्समधले प्लास्टिसायझर हळूहळू निघून जाते, पीव्हीसी पुन्हा मूळच्या कडकपणाकडे वळते आणि घडीच्या रेषांवर ते तडकू लागते. यातली फसवी गोष्ट अशी, की आतली जाळी शाबूत असल्याने फ्लेक्स लांबून धडधाकट दिसतो आणि पहिल्या जोरदार सरीत त्या बारीक तडांतून घरभर थेंब पडू लागतात. ताडपत्रीवर ऊन वेगळ्या तऱ्हेने काम करते : अतिनील किरणांनी पॉलिथिनच्या लांब साखळ्या तुटतात आणि पट्ट्यांचा भुसा होऊ लागतो. चांगल्या ताडपत्रीत हे लांबवण्यासाठी काळी काजळी किंवा इतर रसायने घातलेली असतात. स्वस्त, पातळ ताडपत्रीत ती नावापुरती असतात. त्यामुळे जुनी असली तरी ताडपत्रीच बरी, असा सरसकट नियम करणे मला पटत नाही. नखाने खरवडल्यावर पांढरी भुकटी निघणाऱ्या ताडपत्रीपेक्षा दोन महिने चौकात लटकलेला आणि अजून मऊ असलेला फ्लेक्स एका पावसाळ्यासाठी नक्कीच उजवा ठरतो. दोन्हींची घडी दाबून उजेडाकडे धरावी. ठिपके दिसले, तर तो तुकडा छपरातून बाद करून भिंतीसाठी ठेवावा.

फ्लेक्स छपरावर घालावाच लागला, तर चेहरे आत आणि कोरी पांढरी बाजू आकाशाकडे ठेवावी, कारण छापलेला गडद रंग ऊन शोषतो आणि पांढरी बाजू बरेचसे परत फेकते. काही फ्लेक्सची मागची बाजू काळी असते. तशा फ्लेक्सची फिकी छपाईच वर ठेवलेली बरी. त्याच्या खाली वीतभर अंतर सोडून जुन्या साड्यांचा किंवा गोणपाटाचा दुसरा थर ताणला, तर मधल्या हवेमुळे आतला ताप बराच कमी होतो. हिवाळ्यात याच्या उलट अडचण येते : दोन्ही वस्तूंतून वाफ बाहेर जात नाही, झोपलेल्यांच्या श्वासातला ओलावा पहाटे छताला लागून थेंबांच्या रूपाने अंथरुणावर पडतो, म्हणून दोन्ही टोकांना वरच्या बाजूस फट ठेवणे आवश्यक आहे.

अंथरण्यासाठी फ्लेक्स थेट वापरू नये. तो घामाने चिकटतो, त्याच्यातले प्लास्टिसायझर बहुधा थॅलेट या शरीराला अपायकारक मानल्या जाणाऱ्या रसायनांच्या गटातले असते आणि रांगते मूल त्याची कड तोंडात घालतेच. ओल अडवण्यासाठी जमिनीलगत फ्लेक्स, त्यावर चटई आणि चटईवर गोधडी अशी रचना मात्र उत्तम चालते. ही चटई जळगावचीच असू शकते, कारण तिथल्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या चटया विणणारे अनेक कारखाने आहेत आणि भंगार प्लास्टिकपासून केलेला दाणा त्या धंद्यात मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. जानेवारीत तापीकाठची रात्र दहा अंशांच्या खाली उतरते तेव्हा जमिनीचा गारठा अडवते ती गोधडीतल्या चिंध्यांमध्ये अडकलेली हवा. एकटा फ्लेक्स किंवा एकटी ताडपत्री ओल थांबवते, थंडी नाही.

जोडकामात बहुतेकांची फसगत होते. पॉलिथिनला साधा कोणताच गोंद धरत नाही, त्यामुळे ताडपत्री दाभण आणि नायलॉनच्या दोऱ्याने शिवावी लागते किंवा गरम हवेने चिकटवावी लागते, आणि शिवण उतारावर वरचा तुकडा खालच्यावर येईल अशीच घ्यावी लागते. फ्लेक्सला पीव्हीसीचे सोल्यूशन लावून ठिगळ बसते. रिंग निघालेली असेल, तर नवे भोक पाडू नये, कारण वाऱ्याने तेच भोक फाटत जाते. लिंबाएवढा गुळगुळीत गोटा कापडात आतून धरून त्याच्या मानेशी दोरी आवळली, की दोन्ही प्रकारांत ताण एका भोकावर न येता विस्तृत जागेवर पसरतो. मात्र तडकलेल्या फ्लेक्सला हा पीळ सोसत नाही.

आगीच्या बाबतीत दोन्ही धोकादायक आहेत, पण धोका एकसारखा नाही. पॉलिथिन पटकन पेटते आणि वितळून त्याचे जळते थेंब खाली गळतात. पीव्हीसी पेटायला वेळ घेते, परंतु त्याच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड असतो, जो डोळे आणि घसा जाळतो, आणि अर्धवट जळताना डायॉक्सिनसारखी घातक द्रव्येही तयार होतात. म्हणून चूल पालाबाहेर असावी, जागा नसेल तर छपराच्या त्या भागात पत्राच घालावा, आणि फाटक्या फ्लेक्सच्या पट्ट्या सरपण पेटवायला वापरण्याची सवय मोडावी.

देणारे फ्लेक्सच का देतात, याचे कारण भंगारात आहे. ताडपत्रीचे पॉलिथिन धुऊन, वितळवून दाणा करता येतो, म्हणून तिला थोडा का होईना भाव मिळतो. फ्लेक्समधले पीव्हीसी आणि पॉलिएस्टर एकमेकांपासून सुटे करणे परवडत नाही, म्हणून तो फुकट मिळतो. १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आली, पण चौकातला फ्लेक्स सहसा त्याहून जाड असल्याने तो येतच राहतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या आदेशांनंतर शहरात दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा हे सूत्र ठरले. २०११ च्या जनगणनेत ४ लाख ६० हजार वस्ती असलेल्या जळगावला त्या हिशेबाने किमान चार निवारे लागतात. निवारा नसलेल्यांसाठी ढीग वाटताना दोन गठ्ठे करावेत आणि फ्लेक्सच्या गठ्ठ्यावर ऑइल पेंटने ‘भिंतीला व जमिनीला’ असे मराठीत व हिंदीत ठळक लिहावे, म्हणजे अंधारात, पावसात पाल ठोकणाऱ्याचा हात चुकीच्या घडीवर पडणार नाही.