ॲक्सोलॉटल : इतर सॅलॅमँडर डिंभांपासून ओळख

मेक्सिकोच्या खोऱ्यातील सोचिमिल्को व चाल्को या सरोवरांचा मूळ रहिवासी असलेला ॲक्सोलॉटल (शास्त्रीय नाव अँबिस्टोमा मेक्सिकॅनम) हा सॅलॅमँडर, म्हणजे शेपटी असलेला उभयचर, डिंभावस्थेतच (प्रौढ होण्यापूर्वीच्या, पाण्यातील पिल्लाच्या अवस्थेतच) प्रजननक्षम होतो. बाहेर आलेले कल्ले आणि शेपटीवरचा पर कायम ठेवून तो सहसा सारे आयुष्य पाण्यात काढतो. या स्थितीला चिरडिंभता म्हणतात. त्याच वंशातील इतर अनेक जातींचे डिंभ काही महिने जवळजवळ असेच दिसतात, पण पुढे त्यांचे रूपांतरण होते आणि ते जमिनीवर येतात. त्यामुळे लहान वयात घेतलेला प्राणी नेमका कोणत्या जातीचा, हे ठरवणे अवघड जाते.

मराठवाड्यात सॅलॅमँडर निसर्गतः आढळत नाहीत. भारतात या गटाचे प्रतिनिधी म्हणजे दार्जिलिंग आणि ईशान्येकडील डोंगरांत राहणारे टायलोटोट्रायटन वंशाचे न्यूट. छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूर येथील घरच्या टाकीत असा प्राणी दिसला, तर तो पाळीव व्यापारातूनच आलेला असतो. येथील विद्यार्थ्याच्या ओळखीचा उभयचर डिंभ म्हणजे पावसाळ्यात डबक्यांत सापडणारा बेडकाचा भैकेर. त्याचे बाह्य कल्ले थोड्याच दिवसांत त्वचेच्या घडीखाली झाकले जातात आणि त्याला आधी मागचे पाय फुटतात. सॅलॅमँडरच्या डिंभात मात्र पुढचे पाय आधी येतात, डोक्याच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांचे तीन-तीन झुपके टिकून राहतात, आणि तो अगदी लहानपणापासून जिवंत भक्ष्यावर जगतो.

दूरच्या गटांपासून ॲक्सोलॉटल वेगळा काढणे सोपे आहे. सायरन या ईलसारख्या लांबट सॅलॅमँडरला मागचे पाय नसतात. नेक्टुरस या दुसऱ्या सॅलॅमँडर वंशातील प्राण्यांना मागच्या पायांना चारच बोटे असतात, अँबिस्टोमाला पाच. शिवाय नेक्टुरसच्या कल्ल्यांच्या फटी दोन, अँबिस्टोमाच्या चार. न्यूटचे डिंभ सडपातळ आणि बरेच लहान राहतात.

खरी अडचण येते ती टायगर सॅलॅमँडरच्या (अँबिस्टोमा टायग्रिनम व त्याच्या निकटच्या जाती) डिंभांबाबत. अमेरिकेत ते 'वॉटरडॉग' या नावाने मासेमारीच्या आमिषासाठीही विकले जातात. त्यांची बोटे बुडाशी रुंद, चपटी आणि टोकाला निमुळती असतात. ॲक्सोलॉटलची बोटे त्यामानाने बारीक दिसतात. प्रस्तुत नोंदीत बोटांच्या या लक्षणाला अधिक वजन दिले आहे. कल्ल्यांची लांबी व त्यांवरील तंतूंची दाटी यांवर मात्र विसंबू नये, कारण पाण्याचा प्रवाह, अमोनिया आणि उष्णता यांनी ती बदलते. उन्हाळ्यात ४० अंशांपलीकडे जाणाऱ्या येथील हवेत न थंडावलेल्या टाकीतील ॲक्सोलॉटलचे कल्ले आखडलेले दिसले, तर रूपांतरण सुरू झाले असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. १६ ते १८ अंश सेल्सिअसचे पाणी त्याला मानवते आणि २२ अंशांपुढे त्याला त्रास होतो, हे आधी तपासावे. कल्ल्यांबरोबरच शेपटीचा पर आटू लागला आणि डोळ्यांना पापण्या येऊ लागल्या, तरच रूपांतरण मानावे. प्रजननक्षमता हेही निर्णायक लक्षण नाही, कारण टायगर गटातील काही समूहही कल्ल्यांसह प्रौढ होतात. उलट, थायरॉइड संप्रेरक मिळाल्यास ॲक्सोलॉटलचेही रूपांतरण घडवता येते.

ॲक्सोलॉटल आणि इतर डिंभ यांच्यातील गोंधळ या प्राण्याच्या वैज्ञानिक इतिहासाइतकाच जुना आहे. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ शॉ यांनी १७९८ मध्ये त्याचे वर्णन केले. जर्मन संशोधक-प्रवासी हुम्बोल्ट यांनी आणलेले नमुने तपासून फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिए यांनी हा एखाद्या अज्ञात सॅलॅमँडरचा डिंभ असावा असे मत मांडले. १८६३ च्या सुमारास मेक्सिकोहून ३४ ॲक्सोलॉटल पॅरिसला आले. त्यांपैकी सहा फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ ऑग्युस्त द्युमेरील यांच्याकडे गेले. १८६५ मध्ये त्यांची पिल्ले वाढली आणि त्यांतील काहींचे कल्ले गळून ती जमिनीवरच्या सॅलॅमँडरसारखी झाली. याचा अर्थ काय, यावर मतभेद आहेत. एका मतानुसार मूळ सहा प्राण्यांत दुसऱ्या जातीचा अंश मिसळला होता. दुसऱ्या मतानुसार ते सारे ॲक्सोलॉटलच होते आणि बंदिवासातील परिस्थितीने बदल घडला. त्या काळातील नमुन्यांच्या नोंदी पाहता पहिले मत सर्वस्वी फेटाळता येत नाही; तरी त्याच पैदाशीचे वंशज पुढे पिढ्यान्‌पिढ्या चिरडिंभ राहिले, ही गोष्ट दुसऱ्या मताच्या बाजूने झुकते. चिरडिंभतेसाठी 'निओटेनी' ही संज्ञा प्राणिशास्त्रज्ञ कोलमान यांनी १८८० च्या दशकात रूढ केली. आज पाळण्यात असलेले, काळ्या डोळ्यांचे पांढरे ॲक्सोलॉटल पॅरिसच्या त्या पैदाशीतूनच आले असे मानले जाते.

यात विसाव्या शतकात आणखी एक भर पडली. १९६० च्या दशकात अमेरिकी जीवशास्त्रज्ञ हम्फ्री यांनी वर्णहीन टायगर सॅलॅमँडरचा ॲक्सोलॉटलशी संकर करून वर्णहीनतेचे जनुक प्रयोगशाळेतील पैदाशीत आणले. सोनेरी आणि गुलाबी डोळ्यांचे पाळीव ॲक्सोलॉटल हे त्या संकराचे वारस होत. अर्थात अशा रंगांवरून ओळख पटवणे शक्य असले, तरी 'शुद्ध जात' या शब्दाला पाळीव प्राण्यांत मर्यादित अर्थ राहतो. नैसर्गिक गडद रंगाच्या लहान पिल्लांत तर रंग मुळीच निर्णायक नसतो. तेथे सर्वांत विश्वसनीय कसोटी काळाची. टायगर सॅलॅमँडरचा डिंभ ऊबदार पाण्यात बहुधा काही महिन्यांतच बदलतो. दीड वर्षानंतरही कल्ले आणि पर शाबूत ठेवून प्रौढ झालेला प्राणी ॲक्सोलॉटल असण्याचा संभव मोठा.

पात्सक्वारो सरोवरातील अँबिस्टोमा दुमेरिलीसारख्या इतर चिरडिंभ जाती पाळीव व्यापारात विरळाच दिसतात.

जातीची ओळख कायद्याच्या दृष्टीनेही आवश्यक आहे. ॲक्सोलॉटल सायटीस या, संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये असून वन्य अवस्थेत अतिसंकटग्रस्त आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने अशा जातींसाठी अनुसूची चार आली आणि २०२४ च्या नियमांनुसार तिच्यातील जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने त्याची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर करणे बंधनकारक झाले. टायगर सॅलॅमँडर सायटीसच्या यादीत नाही. त्यामुळे पावतीवर केवळ 'सॅलॅमँडर' किंवा 'मेक्सिकन वॉकिंग फिश' (ॲक्सोलॉटलचे बोलीतले इंग्रजी नाव) लिहून घेणे पुरेसे नाही. शास्त्रीय नाव मागून घ्यावे. पिल्लू लहान असेल, तर बोटे आणि शेपटीचा पर स्पष्ट दिसतील अशी तारखेसह छायाचित्रे ठरावीक अंतराने काढून ठेवावीत.