हेक्टर मोजले, टन राहिले

वन अहवालाचे आकडे आले की सुरगाणा-पेठचं जंगल वाढलं की घटलं, यावर नाशिकमध्ये वाद रंगतो. त्या वादात वनाच्छादन आणि जैवभार हे शब्द एकाच अर्थाने फिरतात. वनाच्छादन हेक्टरांत असतं. जैवभार म्हणजे हेक्टरी उभ्या झाडांचं सुकं वजन, टनांत.

वनाच्छादनाची सरकारी व्याख्या फार ऐसपैस आहे : जागा किमान १ हेक्टर आणि वितान घनता (झाडांच्या माथ्यांनी झाकलेला जमिनीचा वाटा) १० टक्क्यांच्या वर. मालकी आणि झाडाची जात बघायची नाही, म्हणून आंब्याची मोठी वाडीही त्यात बसते. १९८७च्या पहिल्या अहवालात नकाशावर येणारा सर्वांत लहान तुकडा ४०० हेक्टरांचा होता. २००१पासून तो १ हेक्टर झाला. १९९९ला देशाचं वनाच्छादन ६,३७,२९३ चौ. किमी होतं, २००१ला ६,७५,५३८. दोन वर्षांत एवढी झाडं उगवत नसतात. चाळणी बारीक झाली होती. तरी ही वाढ वर्षानुवर्षं यश म्हणून मिरवली गेली. त्यात वजन किती, हे कुणी विचारलं नाही.

१९७२च्या लँडसॅट उपग्रहापासून आलेली छायाचित्रं पानं दाखवतात, खोड नाही. आणि फाल्गुनात साग निष्पर्ण असतो. रडारचं तसं नाही. साडेपाच सेंमीची लहर पानं-डहाळ्यांवरून परतते, २४ सेंमीची फांद्या-खोडांपर्यंत पोचते. पण हेक्टरी १०० टनांच्या आसपास तीही थिटी पडते, त्यापुढचं वजन तिला कळत नाही. एप्रिल २०२५मध्ये अवकाशात गेलेल्या ‘बायोमास’ उपग्रहाची सुमारे ७० सेंमीची लहर त्यापुढच्या दाट जंगलांसाठी आहे. जुलै २०२५ला श्रीहरिकोट्याहून सुटलेला ‘निसार’ उपग्रह २४ सेंमीच्या लहरीने दर १२ दिवसांनी तीच जागा बघतो. आपल्या विरळ पानगळीच्या रानाला तो जास्त उपयोगाचा. अंतराळ स्थानकावरचा ‘जेडी’ लेझरने झाडांची उंची मोजतो, २५ मीटरच्या ठिपक्यात. पण ३० अंशांच्या उतारावर त्या ठिपक्यातच जमीन १४ मीटर खाली-वर असते, आणि सह्याद्रीच्या कड्यावरचं झुडूपही त्याला उंच झाड वाटतं.

या सगळ्यांना वजन शिकवावं लागतं ते जमिनीवरूनच : १.३७ मीटर उंचीवर टेपने घेर, त्यावरून व्यास, शिवाय उंची आणि लाकडाची घनता, मग सूत्राने वजन. ९४ सेंमी घेर म्हणजे ३० सेंमी व्यास. घेर चुकून व्यासाच्या रकान्यात पडला की वजन नऊ पटींवर जातं, आणि अशा नोंदी सापडतात.

पेठ, त्र्यंबक, इगतपुरीकडे मात्र टेप बरोबर धरूनही गणित फसतं. नागली-भाताच्या राबासाठी (रोपांची जागा भाजायला) तिथे सादड्याच्या (ऐनाच्या) फांद्या दरसाल तोडतात. खोड जाडजूड, डोक्यावर फुटवे. सूत्र पूर्ण झाडाचं वजन देतं, रडारला जवळपास नुसता सोट दिसतो. मग आकडे जुळेनात की दोष उपग्रहाला.